राहीचा दोष नव्हता

कुंडकीच्या घळीतला तिसरा धबधबा उतरायच्या आधी इथे थांबावं लागतं. सगळ्यांनाच. पहिल्याला बगलेतून पायवाट होती, दुसऱ्याला कातळात खोबण्या होत्या. हा तिसरा म्हणजे साठ हात सरळ कडा. खोबण्या आहेत, पण अर्ध्यापर्यंतच. दोराशिवाय इथून माणूस खाली जातो तो एकदाच.

बसा. हेल्मेट काढू नका.

हा दगडी खुंटा बघा. त्याला तीन खाचा आहेत, मनगट बसेल एवढ्या. कुणी कोरल्या नाहीत, दोरांनी पाडल्यात. आता खाली वाकून बघा. तो हिरवा डोह. डोहाच्या अलीकडे सपाट कातळ आहे, आणि त्या कातळात एक सरळ चर गेलाय, शेताला पाट काढावा तसा. चाळीस पावलं लांब. एका टोकाला उंबर आहे, दुसरं टोक पार धबधब्याच्या तुषारात. मागच्या महिन्यात दगडांचा अभ्यास करणारे एक साहेब आले होते, ते म्हणाले पाण्याने झिजलाय. असेल. पण पाणी इतकं सरळ चालताना मी तरी बघितलं नाही.

आणि हा जो म्हातारा आत्ता दोरावरून उतरतोय, त्याच्याबद्दल विचारणारच होता तुम्ही, काका. गुडघ्याला पट्टा बांधलेले तुम्ही इथे उभे, आणि तुमच्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस कड्यावर लोंबकळतोय, म्हणजे ही कसली जबरदस्ती, असं वाटणारच. त्याला कमरेला पट्टा आहे, दुसरा दोर वरून दोघांनी धरलाय, तो पडणार नाही. आजची गाठ त्याने मारली, म्हणून तो आधी उतरतो. आमच्याकडे गाठ मारायचा मान म्हाताऱ्यांचा, आणि ज्यांनी गाठ मारली ते खाली पोचून ओरडेपर्यंत दुसऱ्या कुणी दोराला हात लावायचा नाही. काय ओरडायचं तेही ठरलेलं आहे.

त्याला पोचायला अर्धा तास लागेल. तेवढ्यात सांगतो.

किती पिढ्यांपूर्वीची गोष्ट ते कुणाला सांगता येत नाही. विचारलं की आमचे म्हातारे 'लई जुनी' म्हणतात आणि तंबाखू मळायला घेतात. तेव्हा उंबरदांडावर, म्हणजे सकाळी आपण चहा प्यालो त्या वाडीत, सदतीस उंबरे, म्हणजे सदतीस घरं होती असं सांगतात. वाडीत पाऊस एवढा पडतो की आतल्या भिंतींना शेवाळ चढतं, आणि शिमगा झाला की विहिरीच्या तळाशी बेडूकसुद्धा उरत नाही. कातळ पाणी धरत नाही. सगळं पाणी ह्या घळीत येतं आणि ह्या डोहात थांबतं. डोह कधी आटला नाही. पण त्याच्यापर्यंत जायला हाच कडा. खालच्या बाजूने यावं तर चौथा धबधबा आडवा, तो ह्याच्या दुप्पट.

म्हणून रोज उजाडताना एक बाई दोराने खाली उतरायची. त्याला फेरा म्हणत. वरून बाकीच्या बायका बारीक कासऱ्यांना घागरी बांधून सोडायच्या, खालची बाई एकेक घागर भरून परत कासऱ्याला लावायची, वरच्या ओढून घ्यायच्या. सदतीस घरांचं पाणी झालं की खालची बाई दोर धरून वर. ऊन कड्यावर यायच्या आत हे सगळं उरकायचं. प्रत्येक घराचा फेरा ठरलेला. कासरा घागर पेलतो, माणूस पेलत नाही. माणसासाठी मोठा दोर होता.

त्या मोठ्या दोराला आई म्हणत.

हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण कुणी मिरवलं ते माहीत आहे. गावकीचे तीन म्हातारे होते. त्यातला थोरला सिदू. दोराची गाठ खुंट्याला मारायचा मान ह्या तिघांचा. दर पुनवेला हे तिघे दोर खुंट्याभोवती गुंडाळायचे, त्याला तूप चोळायचे, हळद लावायचे, वेटोळ्यात गूळखोबरं ठेवायचे आणि नारळ फोडून घरी जायचे. रात्रभर आई प्रसाद खाते, असं म्हणायचे. सकाळी गूळ गेलेला असायचा, खोबरं गेलेलं असायचं. आई प्रसन्न.

उंदीर प्रसन्न, दुसरं काय! तूप लावलेला वाख, म्हणजे झाडाच्या सालीचा धागा, वर गूळखोबरं, आणि आजूबाजूला सगळी दगडांची बिळं. बायका रोज त्या दोराला धरून उतरायच्या, त्यांच्या तळव्यांना कुजके धागे टोचायचे, त्यांना कळत नसेल? दोर बदला, असं दोनचारदा त्यांनी म्हटलंही होतं म्हणे. त्यावर सिदू म्हातारा विचारायचा, "आई बदलत्यात व्हय गं कुनी?" आणि दोर तोच राहायचा. तिघांपैकी एकही जण आयुष्यात त्या दोरावरून खाली गेला नव्हता. डोह त्यांनी बघितला तो इथून, आपण बघतोय तसा.

त्या वाडीत एका घरात दोन जावा होत्या. मोठी राही, धाकटी ठमी. राहीला सहा वर्षांची एक मुलगी. दोघी मिळून घरचा फेरा काढायच्या, एका पाळीला ही, पुढच्या पाळीला ती. वैशाखातला दिवस होता. राही खाली उतरून पाणी भरून परत वर येत होती. वर यायला दहा हात उरले असतील. दोर तुटला. खुंट्याच्या जवळच तुटला.

आता तिला आणायला कोण उतरणार? चार कासरे एकत्र पिळले आणि ठमीला सोडलं. ठमीने जावेला घोंगडीत बांधलं आणि वर पाठवलं. राहीच्या मुठीत दोर तसाच घट्ट होता म्हणे. ठमीने बोटं एकेक करून सोडवली. सोडवताना तिने दोराचं तुटलेलं टोक बघितलं. तुटलेला दोर पिंजारतो. हा एका बाजूने सुरीने कापावा तसा होता, आणि कापावर बारीक दातांच्या खुणा.

संध्याकाळपर्यंत तिघांनी निकाल दिला. आई अशी तुटत नाही. बाई विटाळशी असताना दोराला शिवली असणार. डोहातल्या आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, तिला ओढून नेली. दोष राहीचा. त्यामुळे तिला शिवेच्या आत पुरायचं नाही, तिचा दहावा घालायचा नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. तिच्या मुलीला दोषाची पोर म्हणायला लागले ते त्याच दिवसापासून. सहा वर्षांची मुलगी, तिच्या ओंजळीत पाणी ओतताना लोक घागर उंच धरायला लागले.

ठमी चावडीवर गेली. बाईमाणसाने चावडी चढायची नाही असा नियम होता, ती चढली. हातात दोराचं ते टोक.

"आजा, ह्ये दात बगा. उंदराचं हायेत."

सिदू म्हाताऱ्याने टोकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आईच्या अंगावर उंदराचं दात दावतीस व्हय? उद्या म्हनशील देवाला ढेकनं झाली."

चावडी खदाखदा हसली.

"आन् राहीला चवथा म्हैना लागला हुता," ठमी म्हणाली. "मंग इटाळ कसला?"

हसू थांबलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत असलेली गोष्ट ह्या तिघांना माहीत नव्हती, आणि निकाल मात्र देऊन झाला होता. आता तो निकाल मागे घ्यायचा की बाईला गप्प करायचं, एवढंच उरलं होतं. आणि तुम्ही कुठल्याही गावचे असा, काय झालं असेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

"बाप्यामानसांत असलं बोलत्यात? तुला घरात कुनी शिकिवलं न्हाई?"

"घरात कुनी इचारलं न्हाई," ठमी म्हणाली.

"बास. आईला गाठ मारून घेतलीया. उद्याचा फेरा बी तुमच्याच घरचा. तयारीला लाग."

म्हणजे कुजका दोर कुजक्या दोराला बांधला होता, आणि त्यावर हळद लावली होती.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी इथे जमली, ह्या खुंट्यापाशी. तिघांनी नारळ फोडला. ठमीने कोयता कमरेला लावला. पदर खोचला आणि उतरली. खोबण्या होत्या तोवर सगळा भार पायांवर दिला, खोबण्या संपल्यावर श्वास रोखून दोरावर. ती कशी पोचली ते तिचं तिला ठाऊक.

खाली पोचल्यावर तिने घागरींना हात लावला नाही. डोहावर एक कपार आहे, ती बघा, छपराच्या वळचणीसारखी बाहेर आलेली. तिथवर तिने दोराचं टोक नेलं. कपारीच्या कडेवर एक धोंडा होता. तिच्या वजनाचा असेल नसेल. दोर त्याला आवळून बांधला आणि वर तोंड करून म्हणाली, "ह्यो काय इटाळशी न्हाई. आता बगा."

आणि दोन्ही पाय लावून धोंडा लोटला.

दोर ताणला गेला आणि गाठीपाशीच तुटला. अख्खी आई तुपाहळदीसकट सळसळत खाली आली आणि धोंड्याबरोबर डोहात गेली. सगळ्या वाडीने डोळ्यांनी बघितलं.

तरी सिदू म्हातारा काय म्हणाला असेल? म्हणाला, "रांडंनं आई मारली."

ठमी खालून जे बोलली ते आमच्या घळीने अजून धरून ठेवलंय, असं बायका सांगतात. कान दिला तर धबधब्यात ऐकू येतं म्हणे. मला कधी ऐकू आलं नाही, पण शब्द पाठ आहेत. "दुसरा दोर म्या वळते. पर त्येच्यावरनं आदी ती तिघं उतरतील, ज्यांनी गाठ मारली. राही पडली तितं हुबं ऱ्हातील आन् दोष कुनाचा ते सांगतील. तवर म्या वर यायची न्हाई."

एक बाई, साठ हात खोल घळीत, एकटी. हातात कोयता. वरून कासऱ्याला बांधून येईल ती भाकरी.

ह्या घळीत केवण उगवते. ते बघा, पाण्याच्या अंगाला, पिळदार शेंगांचं झुडूप. तिच्या सालीचा वाख निघतो. आधी फांद्या तोडायच्या, मग आठ-दहा दिवस पाण्यात भिजत घालायच्या, साल सुटली की दगडावर आपटायची, धुवायची, वाळवायची. मग धागे, धाग्यांचे पेड, आणि तीन पेडांचा दोर. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने टोक धरून पीळ द्यायचा, दुसऱ्याने पेड सांभाळत मागे मागे जायचं. ठमीपाशी दुसरं माणूस नव्हतं. ती एकटीच त्या कातळावर मागे मागे चालत जायची, परत यायची, पुन्हा मागे मागे. तो चर तिच्या पावलांनी पडला असं सांगतात.

आणि दुसरं टोक कुणी धरलं? बायका सांगतात, राहीने धरलं. पडली तिथूनच ती उठून उभी राहिली आणि दोर पुरा होईपर्यंत उंबरापाशी टोक धरून उभी होती. मी म्हणतो, ठमीने टोक उंबराच्या मुळीला बांधलं असेल. पण हे मी माझ्या आईला एकदा बोललो तर तिने हातातलं काम ठेवलं आणि म्हणाली, "तू हुतास का तितं?" तेव्हा मी ते फार ताणत नाही. चर आहे. उंबर आहे. दोर झाला.

ह्या दिवसांत ठमीने वाडीला पाणी तोडलं असं समजू नका. रोज उजाडताना घागरी यायच्या, रोज ती भरून द्यायची. पण तिघांच्या नावाची म्हणून जी घागर यायची, ती रिकामी वर जायची. आत कुजक्या दोराचा एक तुकडा. डोहातून जेवढा निघाला तेवढा तिने जपून ठेवला होता आणि रोज थोडा थोडा पाठवायची. घरच्या पाण्यातलं प्यावं तर घरात बायका. सिदूची बायको भागी. साठी ओलांडलेली, चाळीस वर्षं फेरे काढून तळहात खुरासारखे झालेले. तिने पहिल्याच दिवशी नवऱ्यासमोरचा तांब्या उचलला आणि म्हणाली, "चावडीचं पानी चावडीनं आनावं."

मग तिघे म्हातारे डोक्याला मुंडासं बांधून निघाले. जवळचा झरा पल्याडच्या दांडावर, जाऊन येऊन अख्खा दिवस. जन्मात पहिल्यांदा ते पाण्याला गेले. एकाच्या टाचा फुटल्या, एकाचा माठ वाटेत फुटला, पोरं मागे लागली. तरी वाकले नाहीत हो. एकवीस दिवस. मला खरं तर ह्या भागाचंच जास्त नवल वाटतं. एवढा जोर होता अंगात, एवढी चिकाटी होती, आणि ती सगळी एका मेलेल्या बाईला खोटी ठरवण्यात खर्च केली.

एकविसाव्या दिवशी दोर झाला. बायकांनी कासरे सोडले, ठमीने टोक बांधलं, ओढून वर घेतला. हातात घेतल्याबरोबर भागीने तो नाकाला लावला म्हणे. तुपाचा वास नाही. नुसता ओल्या सालीचा.

"ये गं आता वर," बायका ओरडल्या. "दोर हाये!"

"गाठ कुनी मारली?" खालून आवाज.

कुणीच मारली नव्हती. मान तिघांचा. आणि तिघे चावडीवर पाठ करून बसले होते.

त्यात रोहिण्या संपत आल्या होत्या, म्हणजे मृगाचा पाऊस तोंडावर. पलीकडच्या डोंगरावर आभाळ काळं झालं. तुम्ही आज घळ बघताय ती शांत आहे. वरच्या अंगाला नुसती एक सर पडली तरी दोन घटकांत इथे पाणी असं येतं की उंबर अर्धा बुडतो. दुपारी धबधब्याचा रंग बदलला. आधी चहासारखा, मग मातीसारखा. ठमीच्या घोट्याला पाणी लागलं. बायका वरून आकांत करायला लागल्या. ती उंबराला पाठ लावून उभी राहिली. गुडघ्याला पाणी आलं. तरी तिने दोराला हात लावला नाही.

भागी चावडीवर गेली. पळत नाही. चालत गेली, असं मुद्दाम सांगतात. सगळ्यांसमोर नवऱ्यापुढे उभी राहिली.

"चाळीस वर्सं तुमच्या गाठीवर लोंबले म्या," ती म्हणाली. "उतरताना दर येळी वर बगायची. तुमी कदी खाली बगितलं न्हाई. उटा. बगून या काय हाये तितं."

"गुडघं धरत्यात गं माझं," सिदू म्हणाला.

"माझं बी धरत हुतं."

तो उठला.

तिघे खुंट्यापाशी आले. गाठ नीट मारली. तीनदा ओढून बघितली. असं ओढून बघताना त्यांना वाडीने पहिल्यांदा बघितलं. कारण आता तिच्यावर त्यांचा स्वतःचा जीव होता.

सिदू आधी उतरला. मधेच खोबण्या संपतात तिथे त्याचे पाय हवेत गेले आणि तो थांबला. डोळे मिटून, दोराला मिठी मारून, ना वर ना खाली. वर वाडी, खाली पाणी. तेव्हा खालून ठमी बोलायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तिने दिल्या नाहीत. "आजा, डावा पाय खाली. आजून. हां, तितं दगूड हाये. आता उजवा. दोर पायात घ्या." एकेक पाऊल सांगून तिने त्याला उतरवला. असं राहीला कुणी उतरवलं नव्हतं.

तो मांडीभर पाण्यात उभा राहिला. राही पडली ती जागा ठमीने बोटाने दाखवली. तो बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "राहीचा दोष नव्हता. दोर कुजला हुता."

"मला नगा सांगू," ठमी म्हणाली. "मला ठावं हाये. वर सांगा."

त्याने मान वर करून म्हटलं. धबधब्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

"ऐकू आलं न्हाई," वरून भागी ओरडली.

दुसऱ्यांदा म्हणाला. घसा बसला होता. पाणी कमरेला आलं.

"ऐकू आलं न्हाई!"

तिसऱ्यांदा म्हाताऱ्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अंगातला सगळा जोर काढून ओरडला, "राहीचा दोष नव्हता! दोर कुजला हुता! आमी बगितला न्हाई!" घळीने ते उचललं. ह्या कड्यावरून त्या कड्यावर, तिथून परत इकडे. आणि वर जेवढ्या बायका होत्या त्या सगळ्यांनी एका सुरात राहीला हाक मारली. एकवीस दिवस जे नाव वर कुणी घेतलं नव्हतं, ते.

उरलेले दोघे? तेही उतरले. तिसरा अर्ध्यात रडला, पण उतरला. ठमीने सोडलं नाही कुणालाच. तिघांना बायकांनी वरून ओढून घेतलं. सगळ्यांत शेवटी ती वर आली, आणि ती वर येते न येते तोच लोंढा आला. उंबराच्या शेंड्यापर्यंत.

त्यानंतर राहीला शिवेच्या आत घ्यायचं ठरलं. पण पुरलेल्या माणसाला हलवायचं कसं? मग वाडीने शिवेचा दगडच उचलला आणि राहीच्या पलीकडे नेऊन रोवला. सकाळी येताना कुंपण एकदम बाहेर वळलेलं पाहून ताईंनी विचारलं होतं ना, असं का? म्हणून. ठमीने राहीची मुलगी सांभाळली आणि ती न्हातीधुती झाल्यावर पहिल्या फेऱ्याला तिच्या हातात दोर दिला तो सिदू म्हाताऱ्याने, स्वतः आधी उतरून दाखवल्यावर.

आता एक गोष्ट मला सांगायलाच पाहिजे. वाडीच्या तोंडाशी एक बोर्ड होता. त्यावर लिहिलं होतं, 'ठमीमातेने गावासाठी घळीत प्राणार्पण केले.' आमच्या ज्येष्ठ मंडळींनी लावलेला. खोटं आहे. ठमी मेली नाही. वर आली, पुढे तीस वर्षं फेरे काढले, दात पडेपर्यंत जगली आणि दर वर्षी दोराच्या गाठीशी उभं राहून म्हाताऱ्यांना टोकत राहिली. आमच्या लोकांना मेलेली बाई बरी वाटते. तिला शेंदूर लावता येतो. जिवंत बाई प्रश्न विचारते. तो बोर्ड मी खरवडला. त्यावरून गावकीने मला बोलावलं होतं, ते असो.

ठमीने जाताना चार गोष्टी सांगून ठेवल्या असं सांगतात. दोराला तूप लावायचं नाही. दोराला नाव ठेवायचं नाही. दर पावसाळ्यानंतर नवा दोर, जुना कितीही चांगला दिसला तरी. आणि चौथी तुम्ही बघताच आहात, ती काय दोरावर लोंबतेय. गावकीतली माणसं गाठ मारतील, आणि आधी तीच उतरतील, आणि खाली उभं राहून ते वाक्य म्हणतील.

वाडीत नळ येऊन बारा वर्षं झाली. फेरा संपला. आता दोर उरलाय तुमच्यासाठी. दोरही आता दुकानातला, गिर्यारोहकांचा. त्याच्या शेजारी केवणीचा एक सोडतो, दर वर्षी बायका वळतात. मग ह्या वर्षी दसऱ्याच्या बैठकीत विषय निघाला, की आता उतरणं कशाला, आणि ते ओरडणं तर बंदच करा. बाहेरची माणसं येतात, विटाळ बिटाळ शब्द निघतात, शोभत नाही. विषय काढणारा माझा आजा, भिवा. शाळा सोडली म्हणून चार माणसांत माझी अब्रू काढली होती तीही त्यानेच.

मी म्हटलं, ठीक आहे, दोर लावत नाही. बायकांनी केवण भिजत घातली होती ती पाण्यातून काढून ठेवली. दोन रविवार आलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या धबधब्यावरून परत पाठवली. तिसऱ्या रविवारी, म्हणजे आज, आजा पहाटे येऊन खुंट्यापाशी बसला होता. गाठ मारली, तीनदा ओढून बघितली आणि कमरेला पट्टा बांध म्हणाला.

तो बघा, पोचला. उंबरापाशी उभा आहे. थांबा, कुणी बोलू नका.

ऐकलंत? ओठ हलले. मलाही नाही ऐकू आलं.

आजा! ऐकू आलं नाही!

परत पुटपुटला. बघतोय माझ्याकडे. सबंध वाडीवर आवाज चढवणारा माणूस, ह्या एका वाक्याला त्याचा घसा बसतो. बसू दे. मला घाई नाही, तुम्हालाही नाही.

ऐकू आलं नाही, आजा!

...

हां. आता आलं. शेवटचं 'आम्ही बघितला नाही' हेही आलं, ते बरेच जण गाळतात. घळीला फिरवू द्या ते एकदा. त्या कड्यावरून... आणि परत इकडे.

आजही ह्या दोराला कुणी हळद लावत नाही. आजही गाठ म्हातारेच मारतात, आणि आजही ते ओरडल्याशिवाय कुणी उतरत नाही. काका, तुम्ही आधी. गुडघ्याची काळजी करू नका, डावा पाय कुठे ठेवायचा ते तो खालून सांगेल. त्याचं काम आहे ते.